शेवटचं पान ओलं आहे

मंडळाच्या गणपतीत नवीन कोणी भेटलं की पहिला प्रश्न ‘तुम्ही कुठल्या?’ आणि दुसरा ‘काय करता?’ असा येतो. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, सोलापूरची. दुसऱ्याला मी बरीच वर्षं बगल देत आले. शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गात बायका डॉक्टर असतात, आयटीत असतात, नाहीतर घर सांभाळतात. ‘मी फाटकी कॉमिक्स दुरुस्त करते’ असं म्हटलं की समोरची बाई ‘अय्या, मजाच की’ म्हणून प्रसादाच्या रांगेकडे वळते. माझा मुलगा लहानपणी मित्रांना सांगायचा, “माय मॉम रन्स अ लॉन्ड्री फॉर सुपरहीरोज.” मला राग यायचा. पण त्याचं वर्णन माझ्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा अचूक होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

हात थरथरायला लागले तेव्हा मी दुकान बंद केलं. दुकान म्हणजे आमच्या घराचं तळघर. त्यात एक लांब टेबल, दोन दिवे, एक दाबयंत्र आणि ‘इथे खायचं नाही’ अशी पाटी. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हणून पिच्छाच पुरवला, म्हणून लिहायला बसले. नाहीतर हा धंदा सांगण्यासारखा आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

कॉमिकचा कागद हा मुळात टाकून देण्यासाठी केलेला कागद. वाचा, फेका, पुढचा अंक घ्या. तो पिवळा पडतो, त्याच्या पिना गंजतात, कडा बिस्किटासारख्या तुटतात. लोक मात्र तो टाकत नाहीत. माळ्यावर ठेवतात, आईच्या मागे आवरताना त्यांना सापडतो, आणि मग ते माझ्याकडे येतात. मी आधी खोडरबराच्या भुग्याने मळ काढायचे, गंजलेल्या पिना उपसायचे, फाटलेल्या जागी मागून पातळ जपानी कागद लावायचे, आणि शेवटी वाफ देऊन दाबात ठेवायचे. या कामातला खरा शत्रू म्हणजे सेलोटेप. प्रेमापोटी लावलेल्या सेलोटेपने जेवढी पुस्तकं मारली तेवढी उंदरांनीही मारली नसतील.

हे सगळं मला वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या बाइंडरने शिकवलं. मुलाचं फाटलेलं पुस्तक घेऊन त्याच्याकडे गेले आणि तिथेच रमले. त्याचा एकच नियम होता, जे जोडशील ते उद्या कोणालाही सोडवता आलं पाहिजे. म्हणून डिंक नाही, फेव्हिकॉलसारखं काही नाही, फक्त गव्हाच्या सत्त्वाची खळ. ती पाण्याने सुटते, पिवळी पडत नाही आणि कागदाला ओढत नाही. वॉल्टर ते सत्त्व परदेशातून मागवायचा आणि सोन्यासारखं जपून वापरायचा. पहिल्यांदा त्याने ते पातेल्यात शिजवलं तेव्हा मी वास घेतला आणि मोठ्याने हसले. तो आमचा कुरडयांचा चीक होता! मी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून गहू आणले, भिजत घातले, वाटले, गाळले, नितळलेलं पाणी ओतून टाकलं आणि वॉल्टरसमोर चीक ठेवला. त्यानंतर त्याने सत्त्व कधी मागवलं नाही. वर त्याला शिल्लक चिकाच्या कुरडयाही तळून मिळायला लागल्या.

आमचं पोट भरलं ते अमेरिकन सुपरहीरोंनी. पण जीव अडकला तो दुसऱ्याच कॉमिक्समध्ये. शिकागो हे युरोपातून आलेल्या माणसांचं गाव आहे. पोलिश, चेक, क्रोएशियन, इटालियन. ती माणसं लहानपणची कॉमिक्स घेऊन यायची, ज्यांचं नाव त्यांच्या देशाबाहेर कोणी ऐकलेलं नाही, ज्यांना बाजारात कोणी विचारत नाही, आणि ज्यांचा एक शब्द मला कळत नसे. दुरुस्त करून काही मिळणार नाही हे मी सांगायचे. तरी ती माणसं टेबलावरून पुस्तक उचलायची नाहीत.

रात्को नावाचा ट्रक चालवणारा एक माणूस होता. दांडगा, आवाज फाटका. त्याने युगोस्लाव्हियातल्या त्याच्या गावचा गठ्ठा आणला, त्यातल्या एकाही अंकाला शेवटचं पान नव्हतं. मी म्हटलं, “हे फाटलेलं दिसत नाही. पट्टी लावून कापलंय.” तो लाजला. गावात एकच न्हावी होता आणि पोरं केस कापून घ्यायला तयार नसायची. तेव्हा आया आलेला अंक आधी न्हाव्याकडे नेऊन द्यायच्या. न्हावी शेवटचं पान कापून आरशाशेजारी टांगायचा. गोष्टीचा शेवट हवा तर खुर्चीत बसा. “सगळे शेवट मी मान खाली घालून, डोळे वर करून वाचलेत,” रात्को म्हणाला. त्याला ती पानं हवी होती. मी कुठून आणणार? मी त्याचे अंक स्वच्छ केले, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक कोरं पान शिवून दिलं. तो ते कोरं पान बराच वेळ बघत बसला.

दुसरे एक गृहस्थ आमच्याच गावातल्या मोठ्या कंपनीत साहेब होते, मूळचे बेल्जियमचे. त्यांचे अल्बम जाड पुठ्ठ्याचे, देखणे, पण पानापानांवर काळ्या शाईचे डाग. शाळेतल्या पाद्रीबुवांनी मुलांच्या हाती देण्याआधी आक्षेपार्ह भाग काळे केले होते. साहेबांना आयुष्यभर त्या डागांखाली काय आहे याची उत्सुकता. छापलेले रंग न हलवता वरची शाई काढणं जिकिरीचं असतं. मी कापसाच्या काडीने, श्वास रोखून, आठवडे घालवले. खाली निघाला सायकलवरच्या एका बाईचा गुडघा. दुसऱ्या पानावरही गुडघाच. साहेब बघून म्हणाले, “बस, एवढंच?” त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. काही डाग आहेत तसेच असू द्यावेत, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

या लोकांना मी बोलतं करायचे, कारण माझंही एक तसलंच लहानपण होतं.

बाबा सोलापूरच्या गिरणीत फिटर होते. गिरणीने चेकोस्लोव्हाकियातून नवे माग घेतले आणि ते शिकायला बाबांना तिकडे पाठवलं. परत येताना इतरांनी घड्याळं आणली, काचेच्या वस्तू आणल्या. बाबांनी काचेची एक फुलदाणी आणली आणि ती गुंडाळायला म्हणून मुलांच्या मासिकाचे अंक. फुलदाणी कस्टममध्येच फुटली. अंक मात्र शाबूत राहिले.

त्यात एक चित्रकथा होती, दर अंकात थोडी थोडी पुढे जाणारी. भाऊ आणि बहीण, डोंगराखालचं घर, आणि मोठा लाल फुगा. बहीण त्या फुग्याच्या पाळण्यात बसते आणि वारा तिला घेऊन जातो. आम्हाला भाषा येत नव्हती, म्हणून दादाने त्यांची नावं ठेवली, दिगू आणि बकुळा. माझा दादा, श्रीधर, माझ्याहून मोठा, घुमा, अक्षर मोत्यासारखं. त्या उन्हाळ्यात गच्चीवर आईच्या कुरडया चालल्या होत्या. दादाने वाटीभर चीक पळवला, वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर मराठी संवाद लिहिले आणि चेक शब्दांवर एकेक चिकटवले. बकुळा ढगांवरून जाताना म्हणायची, “दिगूदादा, इथून आपली गिरणी दिसते!” मला ती गोष्ट परदेशातली आहे हे कधी वाटलंच नाही.

चिठ्ठ्या लावून झाल्या की तो मला एकेक पान वाचून दाखवायचा. शेवटच्या अंकापाशी आलो तेव्हा मी त्याला भंडावून सोडलं. “बकुळा येते का रे परत?” बाबांना थोडंफार चेक वाचता यायचं. दादा अंक घेऊन त्यांच्याकडे गेला, बऱ्याच वेळाने आला आणि म्हणाला, “वसू, शेवटचं पान ओलं आहे. उद्या बघ.” मी रडले, हातपाय आपटले. पण दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर बकुळा दारात उभी, हात वर केलेला, आणि शेजारी दादाच्या अक्षरात, “दादा, मी आले!” मी गच्चीभर नाचले. त्याच सुमारास पहिला अंक हरवला. मी शेजारच्या बंड्यावर आळ घेतला आणि त्याच्याशी पुष्कळ दिवस बोलले नाही.

मग मी मोठी झाले, लग्न होऊन इकडे आले. आधी दर दोन-तीन वर्षांनी जाणं व्हायचं. मग मुलाचं कॉलेज आलं, कामं आली, साथीची वर्षं आली, गुडघ्याचं ऑपरेशन आलं. रविवारच्या फोनवर दादा शेवटी एकच विचारायचा, “मग, कधी येतेस?” मी म्हणायचे, “या थंडीत नक्की.” तो “बरं” म्हणायचा. तो घुमाच होता, आग्रह त्याला जमायचा नाही. गेल्या थंडीत तो गेला. मी नव्या गुडघ्यावर वॉकर धरून चालत होते. निरोप दिला तो फोनच्या पडद्यावर, आणि तोही मध्येच थिजून गेला.

उन्हाळ्यात त्याचा मुलगा अमेय आला. तो जर्सी सिटीत असतो, आयटीत. सोलापूरला जाऊन आला होता. त्याने बॅगेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली.

“आत्या, बाबांच्या उशाशी होतं. आई म्हणाली, वसूलाच दे.”

शेवटचा अंक होता तो. पाठीला गंज, कडा झिजलेल्या, पण चिठ्ठ्या सगळ्या जागच्या जागी. 

“तू रिस्टोअर करशील ना?” अमेय म्हणाला. “वर्षश्राद्धाला फ्रेम करून लावू. फक्त हे वरचं चिकटवलेलं सगळं काढून टाक. ओरिजिनल दिसू दे. मी ऑनलाइन सर्च केलं, कुठेच सापडत नाही हे. इट्स सुपर रेअर.”

“सोपं आहे,” मी म्हटलं. सोपं होतंच. ओलसर टिपकागद ठेवायचा, थोडं थांबायचं, चिमट्याने उचलायचं. त्याला वाटलं कोणीतरी पुस्तक खराब केलंय. मी त्या वेळी त्याला काही सांगितलं नाही, कारण बोलले असते तर रडले असते.

तो परत गेल्यावर तळघरात उतरले. कुठल्याही कामाआधी आम्ही एक तपासणी करतो. मोठे दिवे घालवायचे आणि बॅटरी पानाच्या कडेला आडवी धरायची. तिरप्या उजेडात वरून लावलेल्या प्रत्येक कागदाची कड सावली पाडते. लबाड विक्रेत्यांनी लपवून केलेल्या दुरुस्त्या मी अशाच पकडत आले. त्यात माझा हातखंडा होता, वॉल्टरही मान डोलवायचा.

शेवटच्या पानावर चिठ्ठीची कड दिसली. ती दिसणारच होती. पण दुसरीही एक कड दिसली. बकुळेच्या फ्रॉकभोवती, वेणीभोवती, वर केलेल्या हाताच्या पाचही बोटांभोवती.

बकुळा छापलेली नव्हती. चिकटवलेली होती.

मी भिंग लावून पाहिलं. कागद तोच, शाई तीच, लाल रंगाची छटासुद्धा तीच. म्हणजे ती त्याच मासिकातून कापलेली होती. पहिल्या अंकात बकुळा घरातून निघताना अशीच दारात उभी राहून हात हलवते, हे मला इतक्या वर्षांनी लख्ख आठवलं. पहिला अंक बंड्याने नेला नव्हता. निघालेली बकुळा दादाने बोटाबोटांभोवती कात्री फिरवून कापली आणि परत आलेली म्हणून दारात उभी केली. म्हणून ते पान ओलं होतं.

चिठ्ठीखाली काय छापलंय हे कळायला मला चेक वाचता येणारं माणूस हवं होतं. यारमिला हे माझं जुनं गिऱ्हाईक, प्रागजवळच्या गावची, आता नातवंडांबरोबर इथे जवळच बर्विनला राहते. तिचे बरेच अंक मी पूर्वी दुरुस्त केले होते. आमच्या बकुळेबद्दल तिला सांगितलंही होतं, पण नावं आम्हीच ठेवलेली आणि शेवटी ती घरी येते असं मी सांगितलेलं, त्यामुळे तिला ओळख पटली नव्हती. मी फोन केला, ती काठी टेकत आली. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, ते इथे मराठीत देते.

मुखपृष्ठ बघताच ती म्हणाली, “अरे देवा, ही का ती गोष्ट!” मी एकच चिठ्ठी ओलावून उचलली, ‘दादा, मी आले’ वाली. खालची ओळ तिने मोठ्याने वाचली. दिगू म्हणत होता, “आज दार लावू नका, ती येईल.” आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, जिथे चिठ्ठी नव्हतीच, लिहिलं होतं, “पुढील अंकी चालू.”

“पुढचा अंक?” मी विचारलं.

“निघालाच नाही. मासिक बंद झालं. का, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.” ती पानावर हात न टेकवता बोट फिरवत होती. “माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली वाट बघत होत्या. माझ्या वयाच्या कोणालाही विचार, शेवटचं चित्र तोंडपाठ असेल. उघडं दार, आणि दारात कोणी नाही.”

मग तिची नजर चित्रातल्या दाराकडे गेली. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पण ही इथे कशी?”

“माझ्या भावाने आणली.”

यारमिला रडायला लागली. सत्तरी ओलांडलेली बाई, लहान मुलीसारखी. “म्हणजे ती घरी पोचली होती,” ती म्हणत राहिली. “आम्हाला कोणी कळवलंच नाही. ती भारतात घरी पोचली होती.”

तिला चहा दिला, सावरलं. जाताना तिने माझा हात धरला. “हे काढू नकोस.” मी म्हटलं, नाही काढणार. ती गेल्यावर मी रडले. मला वाईट कशाचं वाटत होतं हे मला पक्कं माहीत होतं. जन्मभर मी इतरांच्या लपवलेल्या दुरुस्त्या शोधल्या आणि माझ्यासाठी केलेली पहिली दुरुस्ती मला दिसली नाही. ती करणारा, तिच्यावरून मी ज्याची चेष्टा केली असती, ज्याला ‘लबाडा’ म्हटलं असतं, तो माणूस आता नाही. आणि त्याने ज्या बहिणीला दारात आणून उभं केलं, ती प्रत्यक्षात आलीच नाही.

अमेयचा फोन आला. “आत्या, क्लीन झालं? स्टिकर्स निघाले?”

“निघाले असते. काढले नाहीत. तुझ्या बाबांनी लावलेत ते.”

 “बाबांनी? हे सगळं? मला वाटलं कोणा लहान मुलाने केलंय.”

“लहान मुलानेच केलंय,” मी म्हटलं आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने पुन्हा ओरिजिनलचं नाव काढलं नाही.

काम उरलं होतं थोडंसंच. पिना बदलल्या, मळ काढला. बकुळेच्या उजव्या टाचेपाशी कागद किंचित सुटला होता, बाकी दादाची खळ अजून घट्ट होती. गहू भिजत घातले, चीक केला. थरथरत्या हाताने बारीक कुंचला धरणं अवघड जातं. मी डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं आणि तिची टाच उंबऱ्यावर टेकवली. उचललेली चिठ्ठीही जागेवर बसवली. वरून टिपकागद ठेवला, वजन ठेवलं.

मग नलूवहिनीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी.

“झालं का गं पुस्तक?”

“झालं. अजून ओलं आहे. पाठवत नाही, वहिनी. मीच घेऊन येते.”

तिने कुकरखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, “फ्लॅटमध्ये सामान हलवलं ना, तेव्हा सापडलं होतं ते. तेव्हापासून उशाशीच ठेवायचे. मी एकदा म्हटलं, एवढं काय आहे त्यात? तर म्हणाले, वसूला एक गंमत दाखवायची आहे, ती आली की.”

“वर्षश्राद्धाला येते,” मी म्हटलं. “तिकीट आजच काढते. या वेळी नक्की.”

“ये की,” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवलं नाही. “तुझ्या गुडघ्याला झेपेल तेव्हा ये. आता घाई काही नाही.”